नवेकोरे हात

३ फेब्रुवारी

डॉक्टरांनी बजावलंय की रक्तदाब असाच राहिला तर एक दिवस भांडता भांडता आडवे व्हाल. ज्याचा राग येईल त्याला तोंडावर काही बोलायचं नाही, घरी येऊन वहीत लिहायचं. हिने परतीच्या वाटेवरच वही घेतली, दोनशे पानी. "शंभर पानी यांना महिनाभरही पुरायची नाही," असं दुकानदाराला ऐकवलं. तेव्हा पहिली नोंद हिच्याच नावे.

दुसरी पायवाल्यांच्या नावे. रुग्णालयामागच्या आमच्या कार्यशाळेत कृत्रिम पाय बनवणारे तिघं आणि हात बनवणारा मी एकटा. एकतीस वर्षं. माझ्यामागे ते मला फूटपट्टी म्हणतात, म्हणोत बापडे. आज त्यांच्यातला एकजण माझ्या फळीकडे बघून म्हणाला, "हे काय संग्रहालय मांडलंय?" फळीवर मुलांचे जुने हात आहेत. मूल वाढतं, वर्षा-दीड वर्षात हात आखूड पडतो, मग मी नवा करून देतो आणि जुना ठेवून घेतो. सत्तेचाळीस झाले. सहा सोडले तर एकावर ओरखडा नाही. त्या सहांची मुलंच धसमुसळी होती, त्याला माझा इलाज नाही. पायवाल्यांकडे परत येणारे पाय बघवत नाहीत. टाचा झिजलेल्या, पट्टे लोंबणारे, चिखल तर विचारूच नका. काम कसं असावं ते माझ्या फळीवर बघा म्हणावं.

हे सगळं त्याला सांगितलं नाही. डॉक्टरांचं ऐकलं. फक्त त्याचा चहा मी पिऊन टाकला.

११ फेब्रुवारी

खारूताई आली होती, चौदाव्या वर्षाच्या मापाला. तिला जन्मापासून उजवा पंजा नाही. आठ महिन्यांची असताना पहिला हात मीच दिला आणि खारूताई हे नावही मीच ठेवलं. तीन वर्षांची असताना मी प्लास्टर कालवेपर्यंत कपाटावर चढून बसली होती. हात तेवढा टेबलावर राहिला होता.

जुना हात परत आणला. काल खोक्यातून काढावा तसा. तिच्या आईला म्हटलं, "मुलगी मोठी टापटिपीची आहे हो तुमची." आई नुसती हसली. खारूताई खिडकीबाहेर बघत राहिली. या वयात पोरं घुमी होतात.

१९ फेब्रुवारी

लेक बाळंत झाली. मुलगी. बाळंतीण सुखरूप.

बाळाचा डावा हात कोपराखाली चार बोटांवर संपतो.

नर्सने दुपट्यात गुंडाळून आणलं ते असं, की ती बाजू तिच्या छातीकडे राहील. मला फसवते! मी दुपटं सोडलं. टोकाला पाच दाणे आहेत, ज्वारीएवढे, बोटं व्हायची राहिली ती. असे हात मी शेकड्यांनी बघितलेत. या प्रकाराला काय म्हणतात, हात बसवायची वाटी, सॉकेट, कुठवर येईल, कोपराचा आधार किती मिळेल, सगळं मला झोपेत विचारलं तरी सांगेन. आणि तरी मी ते दाणे पुन्हा मोजले.

लेक पलंगावरून बघत होती. "बाबा, काय करताय?"

"काही नाही."

"माप घेताय तुम्ही."

मी नुसता अंगठा आणि तर्जनी लावून बघत होतो. त्याला माप म्हणत नाहीत.

बाळांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "याचं कारण बहुतेक वेळा सापडतच नाही. कुणाच्या हातून काही चुकलेलं नाही." एकतीस वर्षं हे वाक्य मी दुसऱ्यांच्या आईबापांना सांगितलेलं ऐकलंय, बाजूला उभा राहून मानही डोलावलीय. आज वाटलं, बाईंच्या हातातली फाइल खिडकीबाहेर भिरकावून द्यावी. नव्वद टक्के पोटातल्या गोष्टी मशीनवर दिसतात म्हणे. मग हे दिसलं नाही ते कसं? तर म्हणे, बाळ कुशीवर होतं.

वहीत सगळं लिहा म्हणालेत डॉक्टर. एक गोष्ट मी लिहिणार नाही. गेल्या जूनमध्ये लेक सुट्टीत घरी होती आणि रोज माझा डबा घेऊन कार्यशाळेत यायची. मी त्या महिन्यात हातांसाठी रेझिन ओतत होतो, त्याची उग्र वाफ खोलीभर, आणि पंखा बिघडलेला होता. तेव्हा तिला दिवस गेलेत हे तिलाही माहीत नव्हतं.

लिहिलंच शेवटी.

१४ मार्च

लेकीचं घर आमच्यापासून दहा मिनिटांवर. जावईबापू पोहायला शिकवतात, त्यांच्या अंगाला कायम तलावाच्या औषधाचा वास. माणूस बोलत नाही, ही त्यांची एकमेव चांगली सवय. बाळाला सगळे ठकू म्हणायला लागलेत. ठकू! मी विरोध नोंदवला, कुणी घेतला नाही.

रुग्णालयातली व्यायामबाई आली होती. वय असेल सव्वीस. ठकूच्या आखूड हाताला गुदगुल्या करत होती आणि त्याला व्यायाम म्हणत होती. मी म्हटलं, आमचा नियम असा आहे की मूल बसायला लागलं की पहिला हात द्यायचा. सहा महिने. म्हणजे ते अंगात मुरतं.

व्यायामबाई म्हणाली, "घाई कशाला काका? तिचं तिला ठरवू दे की."

"सहा महिन्यांचं पोर ठरवणार? मग लसही तिलाच विचारून टोचा."

लेक म्हणाली, "बाबा, हात नकोय."

"आत्ता नकोय ना? सहा महिन्यांनीच म्हणतोय मी."

"नको म्हणजे नको. मोठी झाली, मागितला, तर द्या."

घरात एकतीस वर्षं हात घडवणारा कारागीर बसलाय आणि यांना हात नको. लोहाराच्या पोरीने विळीला नाही म्हणावं तसं झालं. मी म्हटलं, उद्या ही शाळेत जाईल, पोरं चिडवतील, तेव्हा बापाची आठवण काढशील. ती म्हणाली, "पोरं नंतर चिडवतील. सध्या तुम्हीच बघताय तिच्याकडे तसं."

मी कसं बघतो? मी सगळ्यांकडे असाच बघतो. चष्मा न घालता निघून आलो आणि हिला परत जावं लागलं चष्मा आणायला.

२५ जून

लेकीशी बोलणं बंद. ही एकटीच जाते आणि आल्यावर स्वयंपाकघरात भांड्यांना हकिगत सांगते. मी बाहेरच्या खोलीत पेपर उलटा धरून ऐकतो.

आज भांड्यांना कळलं की ठकू दुधाची बाटली आखूड हाताने दाबून धरते. त्या पाच दाण्यांनी बूच चाचपते. कुणी काही टेकवलं की आधी तो हात पुढे येतो, मग दुसरा.

चुकून लागलं असेल. मुलं काय, काहीही धरतात.

१६ जुलै

तह झाला. लेकीची बाळंतपणाची रजा संपली, ती पुन्हा शाळेत शिकवायला जाणार. जावईबापूंचा तलाव बुधवारी दुपारी असतो, म्हणून बुधवारची दुपार आम्ही दोघांनी सांभाळायची. अट एकच, हाताचं नाव काढायचं नाही. मी म्हटलं, नाही काढणार. नाव काढलं नाहीच मी.

ही औषधं आणायला गेली तेव्हा मी पिशवीतून प्लास्टरची पट्टी काढली. कोमट पाणी, आधी पातळ मोजा, वर तीन वेढे. चार मिनिटांत साचा सुटून हातात आला. आमच्या कार्यशाळेत बायका धरून ठेवतात तरी मुलं किंचाळतात. ठकूने हूं केलं नाही. पूर्ण वेळ माझ्या भुवयांकडे बघत होती आणि शेवटी एक भुवई ओढली.

उजव्या हाताचं माप दोऱ्याने घेतलं. उजव्यावरून डावा घडवायचा तर आरशात बघून घडवावा लागतो, म्हणून माझ्या टेबलासमोर आरसा आहे. पायवाले म्हणतात मी त्यात भांग पाडतो.

लेक आली आणि म्हणाली, "हिच्या कानामागे पांढरं काय लागलंय?"

"पावडर," मी म्हटलं. ही माझ्याकडे बघत राहिली. एकोणचाळीस वर्षं झाली लग्नाला, एका नजरेत पूर्ण उलटतपासणी घेते. पण बोलली नाही.

२० ऑगस्ट

हात तयार झाला. सत्याऐंशी ग्रॅम. इतका हलका मी कुणाला दिलेला नाही. नखं एकेक करून बसवली, करंगळीचं तर भिंगाखाली. तिच्या उजव्या अंगठ्यावर एक पुसटशी घडी आहे, ती सुद्धा घेतली. पायवाले तिघं रांगेत येऊन बघून गेले. एकजण म्हणाला, "फूटपट्टी, हे मात्र मानलं." तोंडावर फूटपट्टी म्हणाला आणि मला राग आला नाही.

आज उशिरापर्यंत आरशासमोर बसलो होतो. हे जर नीट बसलं तर तो जून महिना पुसला जाईल असं काहीतरी डोक्यात येत होतं. रक्तदाबाच्या गोळीमुळे असे विचार येतात का, ते विचारायला हवं.

२७ ऑगस्ट

शर्ट बादलीत भिजत घातलाय आणि लिहायला बसलोय.

दुपारी ही शेजारच्या खोलीत कपड्यांच्या घड्या करत होती. मी ठकूला हात चढवला. असा बसला की केसभर फट नाही. आणि काय सांगू, पोर किती शहाण्यासारखी बसली! एरवी मिनिटभर स्वस्थ नसते, हे ओढ, ते फेक. हात घातल्याबरोबर मांडी घालून गप्प, मांडीवर दोन्ही पंजे, फोटोतल्यासारखी. पाच मिनिटं, दहा मिनिटं. मी हिला हाक मारणार होतो, बघ म्हणून.

मग तिला लाल चेंडू दिसला. नेहमीसारखी ती आखूड हातावर रेलून पुढे झेपावली. पण तिथे आता माझा हात होता. तो फरशीवर सर्रकन घसरला. तोंडावर आपटली. ओठ फाटला. मी उचललं तर माझा शर्ट लाल झाला आणि ती इतकी रडली की आवाजच फुटेना.

नेमकी लेक तेव्हाच दारात.

तिने आधी ओठ बघितला, मग हात बघितला. कुलूप उघडावं तशी तो हात काढायला बघत होती, तिला जमेना, कारण मी पट्टा उत्तम बसवला होता. मी म्हटलं, थांब, मी काढतो. ती म्हणाली, "हात लावू नका तिला."

मग बरंच बोलली. खोटारडे म्हणाली. म्हणाली, "सहा महिन्यांत तुम्ही तिच्या तोंडाकडे कधी बघितलंत का हो? जे नाही तेवढंच दिसतं तुम्हाला." मीही कमी बोललो नाही. मी म्हटलं की तुला पोरीचं भलं कळत नाही, तुझ्या हट्टापायी ती लुळी राहील. हा शब्द मी एकतीस वर्षांत कुठल्याही गिऱ्हाइकासमोर उच्चारलेला नाही.

ती एकदम खालच्या आवाजात म्हणाली, "या घरात पाऊल टाकू नका आता."

जावईबापू आले होते तोवर. त्यांनी माझ्या चपला उंबऱ्याबाहेर सरळ करून ठेवल्या. हात तिथेच राहिला.

२८ ऑगस्ट

फरशी गुळगुळीत होती. तळव्याला रबर लावलं असतं तर घसरला नसता. चूक असली तर एवढीच.

ओठाला टाका पडला नाही, असं भांड्यांना कळलं.

३ सप्टेंबर

बुधवार. ही एकटी गेली. मी अर्धी रजा आधीच टाकून ठेवलेली, ती रद्द करायला गेलो तर कार्यालयातला कारकून म्हणाला, "आजोबांची ड्युटी सुटली वाटतं." त्याच्या नावे पाऊण पान लिहिलं होतं, फाडलं.

८ सप्टेंबर

व्यायामबाई बोळात भेटली आणि मी डॉक्टरांचा सल्ला गुंडाळून ठेवला. म्हटलं, तुम्हीच माझ्या लेकीचे कान भरलेत. माझ्या हातांविरुद्ध तुमचं काय आहे? माझ्या फळीवर सत्तेचाळीस हात आहेत, एक तरी मोडलेला दाखवा.

तिला वाटलं असतं तर ओरडली असती. पण ती हळूच म्हणाली, "काका, ते हात आतून बघितलेत का कधी?"

आतून काय बघायचं? आतून मीच बनवलेत.

पायवाले जेवायला गेल्यावर दार लावून घेतलं आणि एक हात खाली घेतला. प्रत्येक हातात मी अस्तराच्या आत एक चिठ्ठी चिकटवतो. तारीख आणि माप, साध्या शाईने. घामाने ती पंधरा दिवसांत पुसली जाते, जायलाच हवी, म्हणून मी तेच सगळं वेगळ्या वहीतही लिहून ठेवतो. हा हात सोळा महिने एका मुलीकडे होता. चिठ्ठी वाचता आली. तारीख, माप, खाली माझी सही.

दुसरा घेतला. वाचता आली. तिसरा. पट्ट्याला पाच भोकं असतात, वापराने एकाभोवती तरी वळ पडतो. वळ नव्हता. अस्तराची लव उभी होती. मी सगळे खाली घेतले आणि टेबलावर ओळीने लावले. एक्केचाळीस चिठ्ठ्या मी वाचल्या. सहा पुसल्या गेल्या होत्या, त्या धसमुसळ्यांच्या. त्यांतल्या एकाचा अंगठा सायकलच्या मुठीने घासून सपाट झालाय. त्या मुलाच्या बापाला मी दरवेळी झापायचो.

पायवाले परत आले. टेबल बघून कुणी विनोद केला नाही. म्हणजे त्यांनाही माहीत होतं.

१२ सप्टेंबर

खारूताईच्या घरी गेलो, न कळवता. एकतीस वर्षांत कुठल्या गिऱ्हाइकाच्या घरी गेलेलो नाही. तेच येतात माझ्याकडे.

दार उघडंच होतं, ती समोर बसलेली. एक वेणी झालेली, दुसरी अर्धी. तिचे पेड तिने उजव्या हाताच्या टोकाखाली दाबून धरले होते, रिबीन दातांत, आणि डावा हात भराभर चालला होता. मला बघितलं आणि रिबीन खाली पडली. "आई, काका आलेत!" असं ओरडत आत पळाली.

परत आली ती हात घालून. वेणी तशीच अर्धी सुटलेली.

मी विचारलं, "रोज घालतेस?"

तिची आई मध्ये पडली, "घालते हो, म्हणजे बाहेर जाताना..."

"तिला विचारतोय मी."

खारूताईने आईकडे बघितलं. मग म्हणाली, "तुमच्याकडे यायचं असतं त्या दिवशी घालते."

"चौदा वर्षं?"

"लहानपणी आई घालायची," ती म्हणाली, "मग मी."

आई म्हणाली, "राग मानू नका. तुम्ही इतकं मन लावून करता, नखं सुद्धा किती सुरेख काढता. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून... आणि तुमच्याशी बोलायला भीती वाटते हो जरा. पहिल्यांदा आलो तेव्हा मी म्हटलं होतं, हिला टोचतंय बहुतेक. तुम्ही म्हणालात, टोचत असेल तर मूल चुकीचं बसलंय."

असं मी म्हणालो असेन. माझ्यासारखंच वाक्य आहे.

चहा टाकलेला होता, घेतला नाही. मला त्यांचा राग आला. चौदा वर्षं मला लहान पोरासारखं खेळवलं दोघींनी. मला तोंडावर सांगितलं असतं तर मी काय खाल्लं असतं का त्यांना? वाटेत आठवलं की माझ्या तोंडावर सांगितलेलं एकाच माणसाने. नको म्हणजे नको, असं.

३० सप्टेंबर

जेवण जात नाही. हिने दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा भांड्यांना सांगितलं. लेकीला फोन लावायला घेतला आणि ठेवला. सॉरी बिरी आपल्याच्याने होत नाही. आणि म्हणायचं तरी काय, माझे एक्केचाळीस हात नापास झाले?

ठकू रांगायला लागली, असं कळलं. कोपरावर जोर देऊन, तिरपी, खेकड्यासारखी, आणि जावईबापू तिच्या मागे धावून दमतात. मी फक्त पडलेली बघितलीय तिला. बुधवार येतो तेव्हा घर खायला उठतं. आज पहिल्यांदा वाटलं की हे असंच राहील, ती चालायला लागेल, बोलायला लागेल, आणि मला सगळं भांड्यांकडून कळेल.

२४ ऑक्टोबर

लेकीचा फोन. मीच उचलला.

"बाबा, रविवारी चार वाजता या. चहाला."

आवाज फार गोड. मला आवडलं. मी म्हटलं, येतो. ही म्हणाली, नीट वागा. म्हटलं, मी काय बोलतच नाही.

२६ ऑक्टोबर

चारला पाच कमी असताना आम्ही दोघं पोचलो. लेकीने दार उघडलं, "या ना, बसा ना." नवा सोफा, त्यावर उशा, उशांमध्ये ठकू. अंगात लांब बाह्यांचा फ्रॉक, आणि डाव्या बाहीतून माझा हात बाहेर आलेला. मांडीवर दोन्ही पंजे. पोर हलत नव्हती.

लेक हसून म्हणाली, "छान बसलाय हात, बाबा. सवय होतेय आता."

हा आवाज मी ओळखतो. एकतीस वर्षं दर आठवड्याला ऐकलाय. माझ्या टेबलासमोर पर्स मांडीवर धरून बसलेल्या बायकांचा आवाज. छान बसलाय हो, काही तक्रार नाही, घालते ना, रोज घालते. माझ्या लेकीचा आवाज असा नाही. तिचा आवाज कर्कश आहे, माझ्यावर गेलाय.

तिने मला माफ केलं नव्हतं, तिने माझा नाद सोडला होता. दर रविवारी एक तास पोरीला हात चढवायचा, म्हाताऱ्याला चहा पाजायचा आणि वाटेला लावायचा. वीस वर्षं असंच चाललं असतं. ठकू मोठी झाली असती आणि दाराची बेल वाजली की आत पळाली असती हात घालायला.

मी म्हटलं, "काढ तो हात."

"असू दे बाबा, तिला काही होत नाही."

"खोटं बोलतेस. कधी घातलास?"

ती उशा सरळ करायला लागली.

"कधी घातलास ते सांग!"

"पावणेचारला!" ती ओरडली. "झालं समाधान? काय करू मग? आई रडते रोज फोनवर, तुम्ही जेवत नाही, झोपत नाही. एक तास घातला तर काय बिघडतं? तुम्हाला बरं वाटेल, तिला आजोबा मिळतील."

"बापाला गिऱ्हाईक केलंस तू!"

"तुम्ही नातीला गिऱ्हाईक केलंत आधी!"

ही आणि जावईबापू आतल्या खोलीच्या दारात उभे राहिले आणि शहाणपणाने तिथेच थांबले. मी काय काय बोललो ते सगळं आठवत नाही. चिठ्ठ्यांचं सांगितलं. मग एकदम जून महिना तोंडातून निघाला. पंखा, रेझिन, डबा. माझ्यामुळे झालं असेल तर मी हात दुरुस्त करायचा नाही तर कुणी, असं म्हणालो.

लेक खाली बसली. "ते मी पहिल्याच दिवशी विचारलं डॉक्टरीणबाईंना," ती म्हणाली. "त्या म्हणाल्या, तसं म्हणायला काही आधार नाही. दोनदा विचारलं."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही विचारलंत का? तुम्ही माप घेत होता!"

मी ठकूसमोर गुडघ्यावर बसलो. पट्टा सोडवला, हात काढला. आत चिठ्ठी दिसत होती, मी वाचली नाही. आतल्या आखूड हातावर अस्तराची लव चिकटली होती, ती फुंकून काढली. पाच दाणे माझ्या नाकावरून, मग चष्म्यावरून फिरले, आणि मग मिशीवर थांबून त्यांनी मिशी चांगली दाबून बघितली. मी तिच्या तोंडाकडे बघितलं. खालच्या ओठावर बारीक पांढरी रेघ राहिलीय. डोळे आजीचे आहेत. हनुवटी माझी, बिचारीचं नशीब.

मग ती सोफ्यावरून डोकं पुढे करून खाली उतरली. मी हात पुढे केले तोवर ती खोलीच्या दुसऱ्या टोकाला होती. मी मागे धावलो, टीपॉयला अडकलो, चहाचे चारही कप खाली.

"अहो बाबा, बघून चाला ना!" लेक किंचाळली. "गालिचा धुतलेला होता कालच! एक काम धड करता येत नाही तुम्हाला!"

मी म्हटलं, रांगतं पोर असलेल्या घरात टीपॉय मधोमध ठेवणारी तूच एक शहाणी. ती म्हणाली, माझं घर आहे. मी म्हटलं, घर नव्हे, सापळा आहे. गालिचा उचलता उचलता, फडकं पिळता पिळता, पाऊण तास भांडलो. गळा बसला माझा.

निघताना ती दारापर्यंत आली नाही. आतूनच ओरडली, "बुधवारी दोन म्हणजे दोनला या. उशीर केलात तर बघा."

मी पावणेदोनला जाणार आहे.